चढवलेलं, चौकटीशिवाय

वॉरबिंडी,
मेंढ्या कातरून झाल्या त्याच्या पुढचा रविवार

प्रिय डल्से,

थोरल्या भावाचा आशीर्वाद घे, वहिनीचा घे, आणि टिपचाही घे. कुत्रा असला म्हणून काय झालं, कुत्र्याच्या हिशेबानं तो आता आपल्या दोघांच्या आजोबांच्या वयाचा आहे. तुझा खुबा कसा आहे? डॉक्टर बदलला म्हणून लिहिलं होतंस. डॉक्टर बदलून काय होणार, खुबा तोच ना? रोज चालत जा, लोणी कमी खा, आणि होबार्टच्या थंडीत पाय उघडे टाकून बसू नकोस. झालं, तब्येतीचं संपलं. माझी झकास आहे. मला काहीसुद्धा झालेलं नाही. कुणी तुला फोन करून ‘क्लॅरी हल्ली जळतोय’ असं सांगितलं असेल (गॉरिंजबाईनंच सांगितलं असणार, गावच्या शेतकी शोची सेक्रेटरी झाल्यापासून त्या बाईच्या जिभेला सुट्टी नाही), तर ते साफ खोटं. मी जळत नाही. मला राग आलाय, तो एकाच माणसाचा आलाय, आणि त्याचं नाव व्हर्नन पॅस्को.

फोनवरच बोललो असतो. पण फोन स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरात तुझी वहिनी. म्हणून पत्र. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच, शाळा मी अर्ध्यातून सोडली हे तुला ठाऊकच आहे.

हा व्हर्नन तू पाहिलेला नाहीस. आपल्या कुंपणापलीकडची जागा विकली गेली ती यानं घेतली. शहरात बँकेत होता, बायको वारली, मग इथं आला मेंढ्या बघायला. पाळायला नाही, बघायला. अर्ध्या चड्डीला इस्त्री करतो. मोजे शुभ्र. बियर पीत नाही. संत्र्याचा मुरंबा स्वतः घालतो आणि बाटल्यांवर नावं लिहून चिकटवतो, जणू संत्री कळणार नाहीत माणसाला. जेवायला बोलावला तर उठून भांडी घासतो. घासतो तर घासतो, पुसून कपाटात बरोबर जागेवर ठेवतो. (माझ्या घरातली जागा त्याला कशी माहीत? मला माहीत नाही.) आणि बाई बोलायला लागली की मान जरा तिरकी करून ऐकतो, पार शेवटपर्यंत. असला माणूस शेजारी असला की गावातल्या बाकीच्या नवऱ्यांनी काय करायचं? तरी मी सहन केलं. पण मग त्यानं कॅमेरा आणला.

साधा नाही, डीएसएलआर म्हणतात तसला. काळा, बोजड, पुढं नळकांडं. आता तुला म्हणून सांगतो, त्यातला तो सगळ्यात स्वस्तातला आहे, नवशिक्या लोकांसाठी काढलेला, पहिल्या पायरीचा. पण गळ्यात अडकवून असा चालतो की जसा काही गच्चीवर पोचलाय. तो रस्त्यानं निघाला की दुतर्फा बायका केसांवरून हात फिरवतात. पोस्टातली सुद्धा. मी आयुष्यभर त्या रस्त्यानं चाललोय, माझ्यासाठी कुणी शिंकलंसुद्धा नाही.

एवढ्यावरही भागलं असतं. पण बायकांच्या मंडळाचा केकचा स्टॉल होता त्या दिवशी यानं तुझ्या वहिनीचा फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी छापून घरी घेऊन आला. डल्से, नोरीन त्यात हसतेय. गालाला पीठ, डोळे मिटलेले, दात सगळे दिसतायत, तिचे स्वतःचेही आणि तो एक बसवलेलाही. असं हसताना मी तिला पाहिलं नाही असं नाही. पण मी पाहिलं तेव्हा कुणी ते काढून ठेवलं नाही, हा फरक आहे. तिनं तो फ्रिजच्या दारावर लावला. तिथं माझ्या बक्षीस मिळवलेल्या मेंढ्याचा फोटो होता, तो सरकवला खाली, टिपच्या डोळ्यांच्या उंचीवर. टिपनं त्याच्याकडं पाहून गुरगुर केली.

मी सहज विचारलं, ‘काय म्हणाला गं तो, एवढं हसायला?’

‘काही नाही रे.’

‘काहीतरी म्हणाला असेल.’

‘म्हणाला, जरा इकडं बघा.’

‘त्यात हसण्यासारखं काय आहे?’

‘क्लॅरी, चहा गार होतोय.’

चहा मी गारच प्यायलो. मग दररोज दूध काढायला फ्रिज उघडायचो तेव्हा ती हसत असायची, दुसऱ्याकडं बघून. बिनदुधाचा चहा सुरू केला.

पुढं एके सकाळी व्हर्नन कुंपणापाशी आला. म्हणाला, ‘क्लॅरी, वसंतातल्या शोच्या फोटो-स्पर्धेला व्यक्तिचित्र ठेवायचं म्हणतोय. नोरीनचा चेहरा फार बोलका आहे. तुझी हरकत नाही ना?’ मी म्हटलं, ‘छे, कसली हरकत!’ आणि तो वळतोय न वळतोय तोवर गाडी काढली, थेट डब्बो शहर गाठलं, आणि दुकानातल्या बाईला सांगितलं, व्हर्नन पॅस्कोकडं आहे तो द्या. तिला व्हर्नन पॅस्को कोण ते माहीत नव्हतं. (जगात अशी एक तरी बाई आहे, मला बरं वाटलं.) खुणेनं सांगितल्यावर बरोबर तोच मिळाला.

आता या यंत्राचं ऐक. वर एक चकती असते, तिच्यावर एक हिरवा चौकोन. चकती हिरव्यावर ठेवली की कॅमेरा आपलं आपण सगळं करतो. मला वाटलं, ब्येस, याला म्हणतात यंत्र. तर व्हर्नन कुंपणावरून वाकून बघतो आणि म्हणतो, ‘अजून हिरव्यावरच का? मी तर आता त्याला हातच लावत नाही.’ झालं! मी तिथल्या तिथं चकती फिरवून शेवटच्या टोकाला नेली. त्यानंतर माझे सगळे फोटो एक तर कोळसा नाही तर चुना. एकदा नोरीन कुंपणाजवळ उभी होती, उजेड चांगला, सगळं जमलं. छापून आणला तर काटेरी तार अशी लख्ख की गंजसुद्धा मोजून घ्यावा, आणि मागं नोरीन म्हणजे नुसतं धुकं. कॅमेऱ्याला माझ्या बायकोपेक्षा माझं कुंपण आवडतं. ती म्हणाली, ‘छान आलाय, सुरकुत्या गेल्या.’ मला ते बोलणं खरं वाटलं नाही.

मग कोंबड्यांच्या खुराड्यात गेलो तर कॅमेऱ्याच्या डोक्यातून आपोआप दिवा उभा राहिला आणि फाडकन पेटला. कोंबड्यांनी अंडी बंद केली. मग धुळीचं वादळ आलं त्या दिवशी मी पुढचं नळकांडं काढून आत काय आहे ते बघत होतो. (तुला काय हसायला झालं? दार उघडंच होतं, वादळ विचारून येत नाही.) आत एक कण गेला, तो बसला तो बसलाच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका येतो, पंख पसरल्यासारखा. नोरीन म्हणाली, ‘अगंबाई, गरुड!’ मी म्हटलं, ‘हो, गरुडच.’ पुढच्या फोटोत तो स्वयंपाकघरात होता. कपाटावर. तिनं उठून कपाटावरून फडकं फिरवलं.

पण सगळ्यात वाईट म्हणजे कॅमेऱ्याची शिट्टी. बटण अर्धवट दाबलं की नेम लागल्याची खूण म्हणून कॅमेरा ‘पीप पीप’ करतो. आता टिपला मी जन्मभर शिट्टीवर कामाला लावलंय, आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ‘मेंढ्या घेऊन ये’. त्याची काय चूक? मी नोरीनवर नेम धरला की तो उठायचा, तळ्यापलीकडं जायचा आणि अख्खा कळप आणून तिच्याभोवती उभा करायचा. गुलाबांपाशी फोटो काढायला गेलो, गुलाब खाल्ले गेले. व्हर्ननच्या फोटोत कधी मेंढी दिसत नाही. दिसणार कशी, त्याच्याकडं कुत्रा कुठाय!

शो जवळ आला तशी मी गॉरिंजबाईला फोन करून नियम विचारले. बाईला कायमची घाई. म्हणाली, ‘व्यक्तिचित्र. चढवलेलं, चौकटीशिवाय. शुक्रवारी दुपारच्या आत आणून दे.’

मी म्हटलं, ‘चढवलेलंच पाहिजे का?’

‘हो क्लॅरी, चढवलेलंच. नाहीतर घेणार नाही. दरवर्षी कुणीतरी तसंच घेऊन येतं आणि माझं डोकं खातं.’ आणि फोन ठेवला.

डल्से, मी खुर्चीत बसलो आणि मोठ्यानं हसलो. चढवलेलं! म्हणजे घोड्यावर! आपला शो सुरू झाला तोच मुळी घोड्यांसाठी, पपा तिथंच तर पडले होते दोनदा. आणि चौकटीशिवाय, म्हणजे दारात उभं करून काढायचं नाही. बरोबरच आहे, दाराच्या चौकटीत टेकून उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो मलाही आवडत नाहीत, वाण्याची वाट बघत असल्यासारखे दिसतात. आणि गंमत अशी की व्हर्ननकडं कॅमेरा आहे, मुरंबा आहे, इस्त्री आहे, पण घोडा नाही. माझ्याकडं बिशप आहे. म्हातारा आहे, एका डोळ्यानं कमी बघतो, पण घोडा आहे. त्या रात्री मी दूध घालून चहा प्यायलो.

नोरीनला सांगितलं तर म्हणाली, ‘या वयात मी घोड्यावर? नवा गुडघा कोण देणार, तू?’ मी म्हटलं नियम आहे. ती म्हणाली, ‘आणि फोटो तू काढणार?’ मी म्हटलं, ‘मग कोण, व्हर्नन?’ ती आत गेली आणि निळं स्वेटर घालून आली. लिपस्टिक लावली होती, डल्से. केकच्या स्टॉलला लावली नव्हती. मी नीट बघितलंय त्या फोटोत.

गाडीच्या मागच्या फळीवर तिला उभं केलं, बिशपला फळीला लावला, आणि ‘हो’ म्हणत, ‘नको’ म्हणत, मला शिव्या घालत ती एकदाची चढली. आणि वर बसल्यावर पाठ अशी सरळ केली, की लग्नाआधी तिच्या बापाच्या कुंपणाशी मी जिला बघत उभा राहायचो ती हीच, खात्री पटली. मी कॅमेरा उचलला. बटण अर्धवट दाबलं.

पीप पीप.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. टिप सुटला. कळप आला, धुरळा आला, बिशपच्या चारी बाजूंनी मेंढ्या. बिशप आता रिटायर झालाय, त्याला गर्दी सोसत नाही. तो वळला आणि निघाला, व्हर्ननच्या हिरव्यागार चाऱ्याच्या दिशेनं, मधलं फाटक उघडं होतं. (कुणी उघडं ठेवलं ते आता उगाळण्यात अर्थ नाही.) नोरीन आयाळ धरून बोंबलतेय, मी मागं पळतोय, टोपी उडाली, बोट बटणावर अडकलेलं, कॅमेरा खटाखटा फोटो काढतोय आणि मधेच पीप पीप करतोय, की टिप आणखी मेंढ्या आणतोय! व्हर्नन दोरीवर मोजे वाळत घालत होता. घोडा अडवायचा सोडून यानं काय केलं? कॅमेरा डोळ्याला लावला. मोजे वाळत घालताना सुद्धा गळ्यात! बिशप चाऱ्यात जाऊन आपोआप थांबला आणि खायला लागला. मी धापा टाकत पोचलो तोवर व्हर्नननं नोरीनला हात देऊन उतरवलं होतं. हात देऊन. आणि ती म्हणाली, ‘थँक्यू व्हर्नन.’ मला म्हणाली, ‘फाटक!’

औषधाच्या दुकानात फोटो छापतात तिथं दिले. माझा बूट. आभाळ आणि गरुड. टिपची शेपटी. बिशपचं ढुंगण आणि वर गरुड. माझं नाक. आणि एक, डल्से, एकच, नोरीन मागं वळलेली आहे, केस सुटलेत, तोंड उघडं, मला शिव्या देतेय, आणि बाकी सगळं हललेलं असून तिचा चेहरा मात्र लख्ख. मधे तार नाही, मेंढी नाही. हसत नाहीये. पण बघतेय ती माझ्याकडं, हे कुणीही सांगेल. मी तोच नेला.

शोच्या मंडपात गॉरिंजबाईनं पाकिटातून फोटो काढला, उलटापालटा केला आणि म्हणाली, ‘क्लॅरी, हे चढवलेलं नाही.’

मी म्हटलं, ‘डोळे तपासून घे बाई. कशावर बसलीय ती? बाकावर?’

बाई फोटोकडं बघते, माझ्याकडं बघते. ‘पुठ्ठ्यावर, क्लॅरी,’ ती म्हणाली. ‘फोटो पुठ्ठ्यावर चढवायचा. बाईला घोड्यावर नाही.’

हसणं सुरू झालं ते बिस्किटांच्या टेबलापासून, जॅमच्या टेबलावरून गेलं आणि भोपळ्यांपर्यंत पोचलं. मेंढ्यांना बुचकळतात त्या औषधाच्या हौदात मी पडलो होतो ते सोडलं (आणि तो विषय आपल्या घरात काढायचा नाही हे ठरलेलं आहे), तर अशी फजिती माझी कधी झाली नव्हती. आणि मग व्हर्नन पुढं आला. पिशवीतून जास्तीचा काळा पुठ्ठा काढला, गोंद काढला, आणि माझ्या बायकोचा मी काढलेला फोटो स्वतःच्या हातानं चढवला. कडा अशा सरळ की राग यावा. म्हणाला, ‘होतं असं.’ शिवी दिली असती तर चाललं असतं. ‘होतं असं’ अजून पोटात आहे.

निकाल सांगतो आणि संपवतो. पहिलं बक्षीस, निळी फीत, व्हर्नन पॅस्को. पण फोटो नोरीनचा नव्हता. फोटो माझा होता. मी पळतोय, टोपी हवेत, कॅमेरा एका हातात, जीभ बाहेर, मागं शंभर मेंढ्या माझाच पाठलाग करतायत. खाली नाव दिलेलं: ‘नवशिका’. अख्खं गाव त्याच्यासमोर रांग लावून उभं. आणि माझ्या फोटोखाली परीक्षकबाईनं चिठ्ठी लावलेली: ‘घोडा ठीक. चेहरा जिवंत. कोपऱ्यातला गरुड अप्रतिम, विशेष उल्लेख.’ धुळीच्या कणाला बक्षीस मिळालं, डल्से. आम्हा नवराबायकोला नाही.

आता फ्रिजवर दोन फोटो आहेत. एकात माझी बायको हसतेय, एकात मी पळतोय, आणि दोन्ही व्हर्ननचे. घर माझं, फ्रिज माझा. मेंढा घसरून फ्रिजच्या मागं पडलाय, काढायची इच्छा नाही. कॅमेरा मी कपाटात टाकलाय, फारसा वापरलेला नाही, तुझ्या ओळखीत कुणाला पाहिजे असेल तर सांग. मला या धंद्यात रस उरलेला नाही. माणसानं बायकोकडं डोळ्यांनी बघावं. यंत्र कशाला?

खुब्याला जप.

तुझा थोरला भाऊ
क्लॅरी

ता. क. नाताळात काय करतेयस? सहज विचारतो. आमचा मेहुणा बर्ट गेल्यापासून तू एकटी त्या गारठ्यात बसतेस हे आम्हाला बरं वाटत नाही. इकडं ये. शेजारी पण चांगले आहेत. म्हणजे व्हर्नन. माणूस नीटनेटका, कपड्याला इस्त्री, मोजे बघशील तर शुभ्र. दारूला शिवत नाही. मुरंबा उत्तम करतो, बाटलीवर नाव असतं त्यामुळं घोटाळा होत नाही. भांडी घासतो, पुसतो, जागेवर ठेवतो. आणि तू बोलायला लागलीस की मधे तोडणार नाही, हे तुझ्यासारखीला किती उपयोगी ते मी सांगायला नको. दिवाणखान्यातला तुझा फोटो बघून परवा त्यानं विचारलं, ‘ही कोण?’, मान तिरकी करून. मी सांगितलं, माझी बहीण, स्वयंपाक चांगला. खुब्याचं बोललो नाही. तेव्हा केस नीट करून ये. त्याचा कॅमेरा एकदा तुझ्याकडं वळला म्हणजे माझा फ्रिज मोकळा होईल. हेच लिहायचं होतं, बाकीचं ओघात आलं.

ता. क. दुसरा. घोटाळा झाला. नोरीनला दोन ओळी घालायच्या होत्या म्हणून तिनं पत्र मागितलं आणि मी देऊन बसलो. सगळं वाचलं तिनं. वर बघून म्हणाली, ‘अरे येड्या, एवढंच होतं तर विचारायचंस. व्हर्नन म्हणाला होता, कशाची तरी गंमत आठवा. मला तू आठवलास. हौदातून वर येताना, डोक्यावर मेंढी.’ आणि लागली हसायला. डोळे मिटून, सगळे दात दाखवून, टेबलावर थापा मारत. कॅमेरा कपाटात आहे असं मी वर लिहिलंय, ते तेवढंसं खरं नाही, तो मांडीवर होता. टिप लगेच मेंढ्या आणायला पळाला, पण दार बंद होतं.

फोटो सोबत पाठवतोय, बघून परत पाठव, फ्रिजवर लावायचाय. गरुड बरोबर तिच्या डोक्यावर आलाय. नाताळाचं बघ, यायचं तर ये, आता तशी घाई नाही. आणि आलीस तर व्हर्ननला बोलू नकोस, पण हा मी हिरव्यावर ठेवूनच काढला.